ओढीच्या पाण्यावरची शिट्टी

मित्रांनो, तुम्ही मला कधी ना कधी ऐकलं असेल. मी पोलिसांची एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्यावरचा चकचकीत मुलामा उडाला आहे, कडेला हिरवट डाग पडले आहेत आणि दोरी बांधायची कडी खाऱ्या पाण्याने खाल्ली आहे. मी तुमच्या बोटाएवढी आहे. माझी भीती मात्र माझ्याहून फार मोठी आहे. आज मी तिच्याबद्दलच सांगणार आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, ठोकून गोल वळवला, सांधा डाग देऊन जोडला. शेवटी माझ्या पोटात बुचाची एक गोळी टाकली. हवा आत आली की ही गोळी गरगर फिरते, म्हणून माझा आवाज थरथरतो. गोळी नसती तर मी नुसती सरळ वाजले असते, प्रेशर कुकरसारखी. ही गोळी लक्षात ठेवा.

खोक्यात भरून आम्हा शिट्ट्यांना पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात नेलं. तिथे मी हर्षलाच्या हातात आले. हर्षला कर्जतकडची, नदीकाठच्या गावातली. अंगाने बारीक, पण चालणं झपाझप. पहिल्या दिवशी तिने मला फुंकलं तेव्हा माझ्यातून नुसती फुसफुस आली. सगळी रांग हसली. कवायत शिकवणारे उस्ताद जवळ आले.

"फुंकर घालू नकोस गं, चहा गार करतीयेस का? पोटातून वारा आण. तोंडात 'तू' म्हण आणि सोड."

तिने "तू" म्हटलं आणि मी अशी वाजले, की मैदानाच्या टोकाला बसलेले कावळे उडाले. उस्ताद म्हणाले, "आता कावळे ऐकायला लागले. माणसं ऐकतील तेव्हा खरं."

मित्रांनो, माणसं कावळ्यांएवढी ऐकत नाहीत, हे मला पुढे समजलं.

हर्षलाला खालापूर भागात नेमणूक मिळाली. मी तिच्या डाव्या खिशात राहायचे आणि माझी दोरी तिच्या खांद्याच्या पट्टीला बांधलेली असायची. कुंभिवलीजवळ हायवेवर आमची बरीच ड्युटी असे. एका बाजूला कारखान्यांचे ट्रक, दुसऱ्या बाजूला चहाच्या टपऱ्या, आणि मधून रस्ता ओलांडणारी माणसं. कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी, कुणाच्या कानाला मोबाईल.

तिचा नवरा जितेश कडावचा. तो गावातलं दूध गोळा करून टेंपोने पोचवायचा. कधी त्याला कुंभिवलीकडे यावं लागे. टेंपो दिसला की हर्षला मला तोंडाला लावून तो अडवायची.

"लायसन दाखवा."

"घरात हाय, मॅडम. तुमच्याच उशीखाली."

"मग दंड पडंल."

"दूध घ्या की दंडात. साईनाथदादांना पण द्या."

साईनाथ हे तिच्याबरोबरचे हवालदार. भरपूर मिशा आणि गुडघे दुखण्याची तक्रार. ते लांबूनच ओरडायचे, "अरं, म्हशीचं हाय का नळाचं?" मग तिघेही हसायचे. मी छातीवर लोंबकळत ते ऐकायचे. मला ते दिवस फार आवडायचे.

हर्षलाची नणंद सुरभी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. कडावच्या रस्त्यावर दोघी एकत्र धावायच्या. एकदा सुरभीने तिला विचारलं, "वैनी, तू रस्त्यावर किती चिडतेस गं! परवा त्या म्हातारीवर केवढ्यांदा शिट्टी मारलीस."

हर्षला म्हणाली, "मी चिडत नाय गं. मला मागनं येणारा ट्रक दिसतो, तिला दिसत नाय. माझ्या पोटात गोळा येतो. तो गोळाच शिट्टीतनं बाहेर पडतो. लोकांना वाटतं बाई रागावली."

हे तिने एकदाच सांगितलं. मी मात्र ते धरून ठेवलं, कारण ते खरं होतं. तो गोळा प्रत्येक वेळी माझ्यातूनच बाहेर जात होता.

पावसाळ्यात उल्हास नदी चढली, की आम्हाला कधी कर्जतला मदतीला बोलवत. दहिवलीच्या बाजूला पाणी पाहायला माणसांची गर्दी व्हायची. हर्षला त्यांना मागे सारायची. तिला नदी चांगली माहीत होती. लहानपणी ती पाण्यातच वाढली होती. वरच्या वीजघराचं पाणी सुटलं की पेज नदी कशी फुगते, किती वेळ थांबायचं, कुठून पार व्हायचं, सगळं तिला ठाऊक. आमच्या भागात नदी जिथून पायी ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात. उतार कसा ओळखायचा, हे ती सुरभीला शिकवायची.

"जिथं पाणी खळाळतं, फेस दिसतो, तिथं खडक असतात. तिथं जायाचं नाय. जिथं पाणी सपाट, संथ दिसतं, आवाज करत नाय, तिथं उतार शोधायचा. आणि वाहून गेलीस तर घाबरू नको. नदी कुठंतरी वळते. वळणावर ती तुला काठाला लावते."

नदीच्या बाबतीत यात काही चुकीचं नव्हतं. तिच्या बापाने तिला हेच शिकवलं होतं आणि त्याच्या बापाने त्याला.

मग एका पावसाळ्यात सुट्ट्या जोडून आल्या. समुद्राकाठी पर्यटकांची गर्दी होणार म्हणून आतल्या भागातले पोलीस बंदोबस्तासाठी तिकडे पाठवले. त्यात हर्षला आणि साईनाथ होते. निघताना हर्षलाची सासू आनंदीबाई म्हणाली, "समुद्राच्या जवळ जाऊ नको गं बाय."

"आई, बंदोबस्त समुद्राचाच हाय. लांबनं कसा करू?"

"मग पाठ करून उभी रहा."

हर्षला हसली. "पाठ करूनच उभी राहणार. तोंड लोकांकडं."

मी समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. नदीला दोन काठ असतात. इथे एकच काठ होता आणि त्याच्या पुढे काहीच नव्हतं. पाणी एकाच दिशेने जात नव्हतं. येत होतं आणि जात होतं, आणि जाताना वाळू सोबत नेत होतं.

किनाऱ्यावर लाल बावटा लावला होता. सकाळपासून हर्षला मला वाजवत होती. "पाण्यात जाऊ नका! मागे या!" लोक गुडघाभर पाण्यापर्यंत मागे येत आणि ती पुढे सरकली की परत आत जात. कुणी म्हणालं, "मॅडम, आम्ही फक्त पाय भिजवतोय." कुणी म्हणालं, "आम्ही इतक्या लांबून आलोय." एका पोराने तोंडात दोन बोटं घालून माझी नक्कल केली. त्याचे सोबती टाळ्या पिटत हसले. हर्षलाचा घसा बसला होता, म्हणून ती फक्त मला वाजवत राहिली. माझ्या पोटातली गोळी इतकी फिरली, की मला वाटलं ती झिजून जाईल.

किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी मोठ्या लाटा फुटत होत्या. मध्ये एका पट्ट्यात मात्र लाट फुटत नव्हती. तिथलं पाणी सपाट आणि थोडं काळसर होतं. लाटांना भिणारी माणसं नेमकी तिथे उतरत होती. प्राची नावाची एक कॉलेजातली मुलगी आणि तिचा भाऊ तिथेच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते.

मग किंचाळी आली. भावाला कडेच्या एका लाटेने बाजूला फेकलं आणि तो कसाबसा वाळूवर आला. प्राची आली नाही. तिचं डोकं काठापासून लांब, आणखी लांब दिसू लागलं.

साईनाथांनी एका टपरीवरची मोटारीची काळी ट्यूब उचलली. ते लाटांकडे धावले. हर्षलाने बूट काढून फेकले आणि त्यांचा हात धरला.

"दादा, लाटांतनं नको! इकडनं उतार हाय बघा. पाणी संथ हाय."

तेवढ्यात मासळीची पाटी खाली टाकून एक कोळीण धावत आली. तिचं नाव सोनुबाई, हे मला नंतर कळलं. ती दोन्ही हात हलवून ओरडत होती, "ओढ! ओढ हाय तिथं! ओढ!"

साईनाथ धावता धावता ओरडले, "ओढतो मावशे, ओढतो!"

मित्रांनो, आमच्या गावांत ओढ म्हणजे खेच. गाळात बैल अडकला, विहिरीत बादली पडली, की चारजण दोर धरून "ओढ रं, ओढ" म्हणतात. साईनाथांना वाटलं, ही बाई त्या मुलीला ओढून काढायला सांगतेय. कोळ्यांच्या गावात ओढ म्हणजे परतीच्या पाण्याचा जोर, जो माणसाला आत नेतो. ती त्यांना जाऊ नका म्हणून सांगत होती.

दोघे सपाट पाण्यात शिरले.

पुढचं सांगताना मला आजही भीती वाटते. पण सांगायला हवं.

ते प्राचीपर्यंत फार लवकर पोचले. त्यांना वाटलं, आपण भराभर पोहतोय. पोहत नव्हते, नेले जात होते. हर्षलाने प्राचीला पकडलं. ती मुलगी जिवाच्या आकांताने हर्षलाच्या गळ्याला मिठी मारत होती. साईनाथांनी ट्यूब तिच्या डोक्यावरून घातली. मग दोघांनी ट्यूब धरली आणि काठाकडे तोंड करून हात मारायला सुरुवात केली. सरळ काठाकडे, नदीत मारतात तसे.

"हर्षला, काठ जवळ येत नाय गं."

"येईल दादा. मारा हात."

"नदी असती तर वळली असती."

"वळंल. हेही वळंल कुठंतरी."

ते वळलं नाही. पाऊस आला आणि काठ दिसेनासा झाला. लाटा आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या. थोड्या वेळाने साईनाथ बोलायचे थांबले. हर्षलाने त्यांना हाक मारली. मग पुन्हा मारली. ट्यूबच्या त्या बाजूला कुणीच नव्हतं.

प्राची रडत होती. हर्षला तिला म्हणाली, "रडू नको. ट्यूब सोडू नको. माझ्याकडं बघू नको, ट्यूब बघ."

तेव्हा कुठूनतरी इंजिनाचा आवाज आला. कोळ्यांची होडी निघाली होती. पण ती भलत्याच दिशेला जात होती. पावसात त्यांना आम्ही दिसत नव्हतो. हर्षलाने मला तोंडात घेतलं. माझ्या पोटात पाणी आणि वाळू भरली होती. तिने फुंकलं आणि माझ्यातून नुसती बुडबुड आली. आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. तिने मला उलटं करून झटकलं. ओठ थरथरत होते, तरी तिने पोटातून वारा आणला, तोंडात "तू" म्हटलं आणि सोडला.

मी वाजले. बुचाची गोळी फुगून अडकली होती, म्हणून आवाज थरथरला नाही. एक सरळ, लांब आवाज निघाला. होडी वळली.

कोळ्यांनी प्राचीला ट्यूबसकट वर घेतलं. ट्यूबवर हर्षलाचा हात नव्हता. माझी दोरी तिच्या खांद्याला बांधलेली होती, त्यामुळे मीही तिच्याबरोबर खाली गेले. पाण्याखाली शिट्टीचा काही उपयोग नसतो, मित्रांनो.

दोघांना समुद्राने नंतर परत दिलं. पोलिसांच्या मैदानावर सलामी झाली, बंदुकांच्या फैरी झाडल्या. साहेबांनी दोघांची नावं मोठ्याने घेतली. कुंभिवलीच्या नाक्यावर दोघांचे फोटो असलेला फलक लागला. सुरुवातीला त्याच्यावर ताजे हार असायचे. मग हार सुकले आणि फलकाच्या एका कोपऱ्याला कुणीतरी क्लासेसची जाहिरात चिकटवली.

मला हर्षलाच्या वर्दीबरोबर एका पिशवीतून कडावला आणलं. जितेशने पिशवी उघडली आणि मला हातात घेतलं. मी तेव्हाही ओली होते. तो मला घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलं. भिजलेला मोबाईल आपण तांदळात ठेवतो ना, तसं. आनंदीबाईने ते पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मोबाईल दोन-चार दिवसांत बाहेर काढतात. मला त्याने काढलंच नाही. मी कोरडी झाले, तरी तांदळातच राहिले. डबा रिकामा होत आला, की तो नवे तांदूळ आणून वर ओतायचा. मी अंधारात पडून घरातलं बोलणं ऐकायचे. जितेश कुंभिवलीकडून जायचा बंद झाला होता. कर्जतच्या चौकात शिट्टी वाजली, की तो स्टिअरिंग सोडून कानांवर हात ठेवायचा. एकदा त्यात दुधाचा अख्खा कॅन आडवा झाला.

वर्षश्राद्धाला प्राची तिच्या आईला घेऊन घरी आली. तिने हर्षलाच्या फोटोला हार घातला. मग म्हणाली, "त्यांनी शिट्टी वाजवली म्हणून होडी वळली. नाहीतर मी..."

आनंदीबाईने उठून ताट वाढलं. म्हणाली, "जेव बाय. भात गरम हाय."

त्या दिवशीचा भात माझ्याच डब्यातला होता.

दरम्यान सुरभी पोलिसात भरती झाली. जितेशने तिला अडवलं नव्हतं, पण अभिनंदनही केलं नव्हतं. प्रशिक्षण संपलं, नेमणूक झाली. पावसाळा आला आणि पुन्हा सुट्ट्या जोडून आल्या. सुरभी घरी आली ती चप्पलही न काढता दारात उभी राहिली.

"दादा, बंदोबस्ताला नाव लागलंय."

"कुठं?"

"समुद्रावर. तिथंच."

"जायाचं नाय."

"दादा, ऑर्डर हाय."

"आजारी पड. पाय मोडला म्हणून सांग. मी मोडून देतो."

"आणि माझ्या जागी दुसरी कुणी जाईल. तीपण कुणाची तरी बहीण आसंल."

"मला दुसरीचं सांगू नको!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की वरच्या फळीवरचं भांडं वाजलं. "मला फक्त तुझं सांग. तू पाण्यात जाणार नाय, असं सांग. बोल. कुणी बुडत आसंल तरी जाणार नाय. बोल!"

"तसं मला बोलता येणार नाय, दादा," सुरभी म्हणाली. हर्षलाची ही नणंद खोटं बोलायला शिकली नव्हती.

तेव्हा आनंदीबाई तांदळाचा डबा घेऊन आली आणि तिने तो दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

"जित्या, ही जाणार. ही पाण्यात पण जाणार, मला ठाव हाय. मग निदान ते पाणी कसलं हाय, ते तरी हिला कळू दे. माझ्या सुनेला कुणी सांगितलं नाय."

"सांगितलं होतं," जितेश हळू आवाजात म्हणाला. "प्राचीचा भाऊ म्हणाला, एक कोळीण ओरडत होती. आपल्या माणसांना तिचा शब्द कळला नाय."

"मग जा आणि विचारून ये."

त्याने डब्यात हात घातला आणि तांदळातून मला बाहेर काढलं. उजेडाने मी घाबरले. त्याच्या बोटांनी मात्र मला जपून धरलं होतं.

बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी तो सुरभीला टेंपोत बसवून समुद्रावर घेऊन गेला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होते. त्याचं काळीज माझ्यावर आपटत होतं. समुद्राचा आवाज यायला लागला, तसा त्याने टेंपो बाजूला घेतला आणि थोडा वेळ नुसता स्टिअरिंग धरून बसला.

"परत जाऊया का दादा?" सुरभीने विचारलं.

"नाय," तो म्हणाला. मग गाडी पुढे घेतली.

सोनुबाई मासळी सुकवायच्या ओट्यावर सापडली. ओटा पावसाने रिकामा होता आणि ती जाळं दुरुस्त करत बसली होती. जितेशने हर्षलाचं नाव सांगितलं. तिने हातातलं जाळं बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे, मग टेंपोतल्या दुधाच्या कॅनकडे पाहिलं.

"तू दूधवाला?"

"हो."

"मग चाय पिताना आमच्या दुधाला नावं ठेवू नको." असं म्हणून तिने सुनेला चहा करायला सांगितलं. मग पदराने डोळे पुसले. "मी लय ओरडले रं बाबा. त्या मिशावाल्याने मला ऐकलं पण. म्हणाला, ओढतो. मला वाटलं, हा असा काय बोलतो? नंतर झोपेत मला समजलं, तुमच्यात ओढ म्हंजे दुसरंच काहीतरी."

"मावशी," जितेश म्हणाला, "आमच्या पोरीला तुमची ओढ दाखवा."

ती दोघांना वाळूवर घेऊन गेली. एका बाजूला लाटा फुटत होत्या, दुसऱ्या बाजूलाही फुटत होत्या. मध्ये तोच सपाट, काळसर पट्टा होता. सोनुबाईने वाळूवरचं नारळाचं एक सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, उचललं आणि सुरभीला विचारलं, "पाण्यात जायाचं झालं, तर कुठनं जाशील?"

सुरभीने सपाट पट्ट्याकडे बोट केलं. "तिथनं. तिथं उतार..."

ती थांबली. तिला वहिनीचं बोलणं आठवलं असणार.

सोनुबाईने सोडण त्या सपाट पाण्यात फेकलं. ते काठाकडे आलं नाही. कुणीतरी दोरीने खेचावं तसं ते आत जाऊ लागलं. वारा काठाकडे येत होता, लाटा काठाकडे येत होत्या, आणि ते सोडण एकटंच उलट्या दिशेने लांब लांब गेलं. शेवटी एक ठिपका राहिला. मग तोही दिसेना.

"लाटा पाणी आणतात," सोनुबाई म्हणाली. "ते परत कुठनंतरी जायाला पायजे ना? ते इथनं जातं. म्हणून इथं लाट फुटत नाय. ही ओढ. हिच्यात सापडलं तर काठाकडं हात मारायचा नाय. काठ डाव्या नायतर उजव्या हाताला ठेवून त्याच्या बाजूबाजूनं आडवं जायाचं. पट्टा संपला, की लाटाच तुला आणून टाकतात. आणि सगळ्यात चांगलं म्हंजे, हिच्यात कुणाला जाऊच द्यायचं नाय."

जितेश वाळूवर खाली बसला. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, की हर्षला घाईत, डोळे मिटून पाण्यात गेली. आता त्याला दिसलं, की ती चांगली बघून, तिच्या माहितीप्रमाणे सगळ्यात सुरक्षित वाट निवडून गेली होती. तो रडला. लाटांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. खिशात असल्यामुळे मला गेलं.

मग त्याने मला बाहेर काढून सुरभीच्या हातात ठेवलं.

"ही तुझी. आवाज नीट येतो का ते बघ."

तिने फुंकलं. तोच सरळ, गोळीशिवायचा आवाज आला. सोनुबाई दचकली. तिने तो त्या दिवशी काठावरून ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्त लागला. आदल्या दिवशी पाहिलेलं सुरभीने सगळ्यांना सांगितलं होतं आणि साहेबांनी तिची ड्युटी त्या सपाट पट्ट्यासमोरच लावली. काठावर दोर आणि ट्यूबा तयार ठेवल्या होत्या. सोनुबाई ओट्यावर येऊन बसली होती. जितेशला घरी जायला सांगितलं होतं, पण तो गेला नव्हता. त्याचा टेंपो सुरूच्या झाडांखाली उभा होता.

लोक आले. लाटांना भ्यायले आणि सपाट पाण्याकडे वळले, आधीच्यासारखेच. सुरभीने मला वाजवलं. काही मागे फिरले. काही कुरकुरले. मग एक जाडजूड गृहस्थ आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन थेट पाण्यात निघाले.

"ओ मॅडम, इथे लाट तरी आहे का? पाणी बघा किती शांत आहे!"

"म्हणूनच सांगते, मागे या!"

"पोरीला हौस आहे हो. पाच मिनिटं."

ते गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले. मग मांडीएवढ्या. मुलगी खांद्यावरून समुद्राला टाटा करत होती. त्यांच्या पायांभोवतीचं पाणी आत जाताना मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं. सुरभीच्या पोटात गोळा आला. मला तो ओळखीचा होता. तिने सगळा जीव एकवटून मला फुंकलं, एकदा, परत एकदा, आणि तिसऱ्यांदा माझ्या पोटात काहीतरी टक्‌ करून सुटलं. इतका काळ अडकलेली गोळी मोकळी झाली होती. माझा आवाज थरथरला. हर्षला वाजवायची तसाच.

गृहस्थ थांबले. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मागे वळून सुरभीच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय ओढत, वाळू उपसत ते बाहेर आले. बाहेर येता येता म्हणाले, "काय हो, एवढं ओरडायला काय झालं? सुट्टीची मजा घालवली."

दोघं कोरड्या वाळूवर पोचेपर्यंत सुरभी त्यांच्याकडे बघत राहिली. मुलगी बापाच्या खांद्यावरून आता तिला टाटा करत होती. सुरूच्या झाडांखाली जितेशने कानांवर हात ठेवले नव्हते.

त्या दिवशी तिथे कुणी बुडालं नाही. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली नाही. संध्याकाळी सुरभीने मला गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि खिशात ठेवलं. तेव्हापासून मी तिच्याकडे आहे.

मित्रांनो, मी अजूनही घाबरते. प्रत्येक पावसाळ्यात घाबरते. तुम्ही धबधब्यावर जाल, धरणावर जाल, समुद्रावर जाल. तिथलं पाणी तुमच्या गावच्या पाण्यासारखं नसेल. जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि त्यांचा शब्द कळला नाही तर थांबून पुन्हा विचारा. कुंभिवलीच्या नाक्यावरून कधी गेलात, तर हर्षला आणि साईनाथ यांच्या फलकावरची ती जाहिरात काढून टाका.

आणि कुठे माझ्यासारखी शिट्टी वाजली, तर हसू नका, कुरकुर करू नका. एकदा मागे वळून ती वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. ते माणूस तुमच्यावर रागावलेलं नसतं. ते तुमच्यासाठी घाबरलेलं असतं.